दूषित पाण्यावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांसाठी करसवलती : पहिल्यांदाच वाट शोधणाऱ्यांसाठी

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी दिसायला नितळ असतं, पण घोट घशाखाली उतरत नाही. इचलकरंजीत कापड रंगवून उरलेल्या पाण्याचं काय करायचं, हा पंचगंगेच्या काठावरचा जुना प्रश्न आहे. अशा प्रत्येक ठिकाणी कुणीतरी दोन खोल्यांची प्रयोगशाळा थाटून उत्तर शोधत असतं. त्या माणसाला रसायनं कळतात, पाणी कळतं. करकायदा मात्र कुणी समजावून सांगितलेला नसतो. म्हणून कायद्यानं देऊ केलेले पैसे तसेच पडून राहतात, किंवा चुकीच्या कलमाखाली मागितले जातात आणि चार वर्षांनी नोटीस येते. हा लेख त्याच माणसासाठी आहे.

कलमांचे क्रमांक मी आयकर अधिनियम १९६१ चे वापरले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू आहे आणि संशोधनाचं जुनं कलम ३५ त्यात कलम ४५ झालं आहे. पण जुने मंजुरी आदेश, पावत्या आणि तुमच्या सीएच्या तोंडची भाषा अजून जुन्याच क्रमांकांची आहे. नव्या फॉर्मचा क्रमांक भरायच्या दिवशी आयकर पोर्टलवर पाहून घ्या.

आधी दोनशे टक्के विसरा

नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "संशोधनावर शंभर रुपये खर्च केले की दोनशेची वजावट मिळते ना?" मिळायची. कंपनीच्या स्वतःच्या संशोधन विभागासाठी, म्हणजे कलम ३५(२एबी) खाली, एकेकाळी २०० टक्के वजावट होती. आर्थिक वर्ष २०१७-१८ पासून ती १५० टक्के झाली आणि २०२०-२१ पासून १०० टक्क्यांवर आली. मान्यताप्राप्त संशोधन संस्थेला दिलेल्या देणगीवरची जादा वजावटही त्याच वर्षी संपली. जुने लेख, जुनी सादरीकरणं अजून फिरत असतात. त्यांच्या भरवशावर प्रकल्पाचा हिशेब मांडू नका.

मग उरलं काय? बरंच उरलं. यंत्राचा पूर्ण खर्च एकाच वर्षात वजा करता येतो. देणगीदाराला तुमच्या पावतीवर वजावट मिळते. अनुदानावर जीएसटी लागत नाही. स्टार्टअपला तीन वर्षांचा नफा करमुक्त मिळू शकतो. या सगळ्या वाटा आहेत, पण प्रत्येकीच्या तोंडाशी वेगळा पहारेकरी उभा आहे.

आणखी एक खुलासा, कारण इथं फार जण फसतात. वजावट उत्पन्नातून होते, करातून होत नाही. २५ टक्क्यांच्या आसपास कर भरणाऱ्या कंपनीनं १०० रुपये खर्च केले तर तिचे साधारण २५ रुपये वाचतात. उरलेले ७५ तिच्याच खिशातून जातात.

पायरी १ : तुम्ही नेमके कोण, हे कागदावर लिहा

मी कुठल्याही प्रयोगशाळेच्या माणसाशी बोलायला बसलो की पहिली पंधरा मिनिटं यावरच घालवतो. प्रयोगशाळा तीच, टेबलावरचं उपकरण तेच, पण मालक बदलला की सगळी कलमं बदलतात.

पहिला प्रकार कारखान्याचा. समजा इचलकरंजीचं एक प्रोसेस हाउस, म्हणजे कापड रंगवणारा कारखाना, आहे आणि स्वतःच्या सांडपाण्यातला रंग काढायची पद्धत शोधायला त्यानं आवारात प्रयोगशाळा केली आहे. दुसरा प्रकार संस्थेचा : न्यास, सोसायटी, विद्यापीठ, महाविद्यालय, जिथं नफा हा हेतू नाही. तिसरा प्रकार नव्या कंपनीचा, जिचा धंदाच पाणी शुद्ध करायचं माध्यम किंवा यंत्र बनवण्याचा आहे. चौथा माणूस प्रयोगशाळा चालवत नाही, तो पैसे देतो. त्याला काय मिळतं हे तुम्हाला माहीत हवंच, कारण तो तुम्हालाच विचारणार.

पायरी २ : तुमचं काम "संशोधन" आहे का?

कायद्यातली व्याख्या उदार आहे. नैसर्गिक किंवा उपयोजित विज्ञानातल्या ज्ञानात भर घालणारी कुठलीही कृती म्हणजे शास्त्रीय संशोधन. पण रोज पंचवीस नमुन्यांचा पीएच (आम्लता), टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि सीओडी (रासायनिक ऑक्सिजनची मागणी) मोजून अहवाल देणं म्हणजे ज्ञानात भर घालणं नव्हे. ती तपासणी झाली. समाजाला तिची फार गरज आहे, तरी या कलमात ती बसत नाही. केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची, म्हणजे डीएसआयआरची, मार्गदर्शक तत्त्वंही नेहमीची तपासणी आणि गुणवत्ता नियंत्रण संशोधनात धरत नाहीत. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं प्रमाणपत्र भिंतीवर असणं चांगलंच. त्यानं तुमची मोजणी विश्वासार्ह ठरते, पण प्रयोगशाळा संशोधन करते हे त्यानं सिद्ध होत नाही.

रेषा कुठं पडते ते एका उदाहरणानं पाहू. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेनं पाण्यातलं फ्लोराइड तुरटी आणि चुना वापरून काढायची नालगोंडा पद्धत विकसित केली. ते संशोधन. आज तुम्ही एखाद्या गावात त्याच पद्धतीनं टाकी बांधून पाणी दिलंत तर ती सेवा. पण तुरटीमुळे पाण्यात अॅल्युमिनियम मागं राहतं. ते राहू नये म्हणून तुम्ही नवं शोषक माध्यम बनवायला घेतलंत, वेगवेगळ्या मात्रा लावून पाहिल्यात, फ्लोराइड आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत येतं का हे तपासलंत, की पुन्हा संशोधन सुरू झालं. प्रयोग फसला तरी ते संशोधनच. यशाची अट कायद्यात नाही, आणि मला ही या कलमाची सगळ्यात चांगली बाजू वाटते.

अजून एक बारकावा : दुसऱ्यानं शोधलेल्या तंत्रज्ञानाचे हक्क विकत घेतले तर तो संशोधनाचा खर्च धरत नाहीत. परवाना किंवा पेटंट ही अमूर्त मालमत्ता ठरते आणि तिच्यावर वर्षाला २५ टक्के घसारा, म्हणजे किमतीच्या झिजेपोटी दरवर्षी थोडी थोडी वजावट, मिळतो. पूर्ण रक्कम एका वर्षात वजा करायला गेलात तर ती नाकारली जाईल.

तुमचं काम संशोधन आहे की नाही यावर अधिकाऱ्याशी मतभेद झाला तर? कलम ३५(३) प्रमाणे हा प्रश्न केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं प्रकारानुसार विहित प्राधिकाऱ्याकडे (नियमांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) किंवा केंद्र सरकारकडे पाठवायचा असतो. आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्यानं स्वतःच निकाल देऊन मोकळं व्हावं, अशी ती रचना नाही. हे कलम आठवणीत ठेवा आणि वेळ आली तर लेखी मागणी करा.

पायरी ३ : कारखान्याच्या प्रयोगशाळेसाठी दोन दारं

पहिलं दार चालू खर्चाचं, कलम ३५(१) चा पहिला खंड. संशोधकांचे पगार, रसायनं, काचसामान, वीज हा सगळा खर्च व्यवसायाशी संबंधित संशोधनावर झाला असेल तर पूर्ण वजा होतो. "व्यवसायाशी संबंधित" याचा अर्थ कायद्यानं सैल ठेवला आहे. ज्यातून व्यवसाय वाढू शकेल असं संशोधनही त्यात येतं. स्वतःचं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा रंगाईला वापरायची खटपट यात सहज बसते.

दुसरं दार भांडवली खर्चाचं, चौथा खंड. बहुतेक जण इथं चुकतात. प्रयोगशाळेचं उपकरण घेतलं की हिशेबनीस सवयीनं ते यंत्रसामग्रीच्या गटात टाकतो आणि १५ टक्के घसारा लावतो. वास्तविक संशोधनासाठी घेतलेल्या यंत्राची पूर्ण किंमत त्याच वर्षी वजा करता येते. प्रयोगशाळेची इमारतसुद्धा त्यात येते. जमीन येत नाही.

फरक किती पडतो पाहा. पाण्यातले जड धातू मोजायचं समजा १ कोटीचं उपकरण आहे आणि कंपनीचा कर, अधिभार व उपकर धरून, २५.१७ टक्के आहे. घसारा लावला तर पहिल्या वर्षी १५ लाखांची वजावट, कर वाचला सुमारे ३.७८ लाख. संशोधनाच्या कलमाखाली १ कोटीची वजावट, कर वाचला सुमारे २५.१७ लाख. घसाऱ्यातही पुढं वर्षानुवर्षं वजावट मिळत राहते हे खरं. पण नव्या प्रयोगशाळेला पैसा पहिल्या वर्षी लागतो. शिवाय घसाऱ्यात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर दर अर्धा होतो. चौथ्या खंडात अशी दिवसांची अट नाही, मार्चमध्ये घेतलं तरी पूर्ण.

दोन्ही मिळत नाहीत : पूर्ण वजावट घेतली की त्या यंत्रावर घसारा शून्य. पुढं ते विकलं तर, घेतलेल्या वजावटीच्या मर्यादेत, आलेले पैसे धंद्याचं उत्पन्न म्हणून धरले जातात.

त्या वर्षी नफाच नसेल तर? भांडवली संशोधन खर्चाची न वापरलेली वजावट न भागलेल्या घसाऱ्यासारखी पुढं नेता येते, धंद्याच्या साध्या तोट्याला असते त्या आठ वर्षांच्या मर्यादेशिवाय. धंदा सुरू होण्याआधीच्या तीन वर्षांतला संशोधनाचा भांडवली खर्चही धंदा सुरू झालेल्या वर्षाचा मानतात. त्याच तीन वर्षांतले पगार आणि साहित्यही धरता येतं, मात्र त्यासाठी विहित प्राधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून पहिल्या दिवसापासूनची बिलं सांभाळा. कंपनी स्थापन व्हायच्या आधी मित्राच्या नावावर घेतलेलं बिल पुढं कुणीही ऐकून घेत नाही.

आता ३५(२एबी) बद्दल माझं मत. जादा टक्के गेल्यावर निव्वळ कर वाचवण्यासाठी या वाटेनं जाण्यात अर्थ उरलेला नाही. त्यात डीएसआयआरकडे ३सीके अर्ज, करार, दरवर्षीचा लेखापरीक्षित अहवाल असा पसारा आहे आणि इमारतीचा खर्चही बसत नाही. वरच्या दोन दारांतून तेच १०० टक्के कमी कागदांत मिळतात. डीएसआयआरची साधी मान्यता मात्र जरूर घ्या. संशोधनासाठी आयात केलेल्या उपकरणांवरच्या सीमाशुल्क सवलतीसाठी आणि सरकारी निधीच्या अर्जांत ती उपयोगी पडते.

हा झाला संशोधनाचा भाग. संशोधन यशस्वी होऊन कारखान्यात खरा शुद्धीकरण प्रकल्प उभा राहिला, की तो उत्पादनाचा भाग ठरतो. तिथं घसारा लागतो, पण दर चांगला आहे. आयकर नियमांच्या तक्त्यात जलप्रदूषण नियंत्रणाची यंत्रं नावानिशी दिली आहेत : सक्रिय कार्बनचा स्तंभ, आयन विनिमय रेझिनचा स्तंभ, बायोफिल्टर, एअर फ्लोटेशन, गाळ सुकवायचा सेंट्रिफ्यूज वगैरे. त्यांना ४० टक्के घसारा मिळतो. पुरवठादाराच्या बिलावर "ईटीपी मशिनरी" (सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रं) एवढंच मोघम लिहून घेऊ नका. तक्त्यातलं नाव बिलावर यायला हवं.

पायरी ४ : कोणती करपद्धत निवडली आहे, ते पाहा

कंपन्यांना कलम ११५बीएए खाली २२ टक्के मूळ दराची पद्धत निवडता येते. त्या बदल्यात अनेक सवलतींवर पाणी सोडावं लागतं. संशोधन संस्थेला दिलेली देणगी, दुसऱ्या संशोधन कंपनीला दिलेली रक्कम, राष्ट्रीय प्रयोगशाळेला ३५(२एए) खाली दिलेली रक्कम आणि ३५(२एबी) हे सगळं जातं. वाचतात ती वरची दोन दारं, पहिला आणि चौथा खंड. आणि एकदा ही पद्धत निवडली की परत फिरता येत नाही.

म्हणजे व्यवहारात काय? २२ टक्क्यांच्या पद्धतीतल्या कंपनीकडे तुम्ही देणगी मागायला गेलात, तर तुमच्या पावतीवर तिला या कलमाची वजावट मिळणार नाही. पण तिच्याच सांडपाण्याच्या प्रश्नावर तिच्यासाठी संशोधन करून देण्याचा करार केलात, तर तिचा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून वजा होऊ शकतो. एका छोट्या संस्थेनं मोठ्या कंपनीला "शंभर टक्के करसवलत" असं लिहून प्रस्ताव दिला आणि कंपनीच्या वित्त विभागानं तो एका ओळीत परत पाठवला, हे मी जवळून पाहिलं आहे. संस्थेचं काम उत्तम होतं. नुसता पहिला प्रश्न विचारायचा राहिला होता : तुम्ही कोणत्या पद्धतीत कर भरता?

भागीदारी संस्थांना हा पर्याय लागू नाही, त्यामुळे त्यांच्या वजावटी शाबूत आहेत. व्यक्तींना २०२३-२४ पासून, वेगळं काही निवडलं नाही तर, नवी करपद्धतच लागू होते आणि तिच्यात या देणग्यांची वजावट नाही. जुनी पद्धत निवडणाऱ्या, धंद्याचं उत्पन्न नसलेल्या देणगीदाराला कलम ८०जीजीए खाली १०० टक्के वजावट मिळते. रोखीनं २,००० रुपयांपेक्षा जास्त देऊ नये.

पायरी ५ : संस्थेची प्रयोगशाळा

न्यास किंवा सोसायटी असाल तर कलम ३५(१) च्या दुसऱ्या खंडाखालची मंजुरी हा तुमचा पाया. ती पाच वर्षांसाठी असते. ती मिळाली की देणगीदाराला वजावट मिळते, आणि मंजूर संशोधन संघटनेचं स्वतःचं उत्पन्न कलम १०(२१) च्या अटी पाळल्यास करमुक्त राहतं.

या मंजुरीचा तिसरा फायदा अजून पुष्कळांना ठाऊक नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून, सरकारी किंवा खासगी अनुदानाच्या बदल्यात केलेल्या संशोधन सेवेवर जीएसटी माफ आहे. ही माफी सरकारी संस्थांना आहे आणि ३५(१) च्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या खंडाखाली अधिसूचित संस्थांनाही आहे. त्याआधी देशातल्या नामवंत संस्थांना अनुदानांवरच्या जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या. त्या गोंधळातून हा निर्णय झाला. फ्लोराइडवर काम करायला कुणी ५० लाखांचं अनुदान दिलं तर १८ टक्क्यांनी ९ लाखांचा प्रश्न असतो. तेवढ्यात दोन संशोधकांचे वर्षभराचे पगार निघतात. मात्र माफी अनुदानावरच्या संशोधनाला आहे. गावकऱ्यांकडून किंवा हॉटेलांकडून पैसे घेऊन नमुने तपासून दिले, तर तो वेगळा व्यवहार. त्याचा वेगळा हिशेब ठेवा.

उपकरण खरेदीत मात्र हात आखडला गेला आहे. सरकारी निधीवरच्या संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर पूर्वी ५ टक्के जीएसटी होता. ती सवलत १८ जुलै २०२२ पासून काढली. अंदाजपत्रक करताना पूर्ण दर धरा. तुमची सेवा करमाफ असेल तर खरेदीवरच्या कराचं क्रेडिटही मिळत नाही, तो खर्चच होतो. पाण्यासारख्या विषयावर काम करणाऱ्या संस्थांसाठी ही सवलत परत यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

देणगी घेतलीत की कर्तव्य सुरू झालं. वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण १०बीडी फॉर्ममध्ये पुढच्या ३१ मेपर्यंत भरायचं आणि देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. तुमच्या विवरणात देणगीदाराचं नाव नसेल तर त्याची वजावट अडते आणि पुढच्या वर्षी तो दार उघडत नाही. काही संस्थांनी चेक घेऊन रोख परत करण्याचे उद्योग केल्यामुळे ही जुळवणी कडक झाली आहे. तसा प्रस्ताव घेऊन कुणी आलं तर त्याला चहाही न विचारता वाटेला लावा.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक दायित्वाचा) निधी मागत असाल तर एवढं ध्यानात ठेवा : सीएसआरचा खर्च साधा व्यवसाय खर्च म्हणून वजा होत नाही. कलम ३० ते ३६ मधल्या एखाद्या कलमाच्या अटी पूर्ण होत असतील तर त्या कलमाखाली वजावट मागता येते. अर्थात पायरी ४ चा प्रश्न इथंही लागू.

पायरी ६ : पैसे देणाऱ्याला राष्ट्रीय प्रयोगशाळा हवी असेल

कधी कधी तुमची प्रयोगशाळा लहान पडते. अशा वेळी प्रायोजकाला घेऊन नीरी किंवा पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेकडे जा. दोन्ही सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही पाणी शुद्धीकरणाच्या पडद्यांवर (मेम्ब्रेनवर) काम झालं आहे. राष्ट्रीय प्रयोगशाळा, विद्यापीठ किंवा आयआयटीला मंजूर संशोधन कार्यक्रमासाठी दिलेली रक्कम ३५(२एए) खाली १०० टक्के वजा होते. कार्यक्रमाची मंजुरी पैसे देण्याआधी हवी. पैसे आधी आणि कागद नंतर, हा क्रम इथं चालत नाही.

पायरी ७ : स्टार्टअप असाल तर घाई करू नका

१ एप्रिल २०१६ रोजी किंवा त्यानंतर आणि १ एप्रिल २०३० पूर्वी स्थापन झालेली कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) कलम ८०-आयएसी खाली पहिल्या दहा वर्षांतल्या सलग तीन वर्षांचा पूर्ण नफा वजा करू शकते. डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग प्रोत्साहन विभागाची, मान्यता ही फक्त पहिली पायरी. त्यावर आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं.

तीन वर्षं कोणती ते तुम्ही ठरवायचं. पाण्याच्या धंद्यात फिल्टरचं माध्यम बनवणं, गावात चाचणी घेणं, सरकारी मान्यता मिळवणं यातच चार-पाच वर्षं जातात. तोट्याच्या वर्षांत सवलत मागून ती वाया घालवू नका. आणि ११५बीएए निवडलंत तर ८०-आयएसी हातचं जातं, म्हणून करसल्लागार "दर कमी आहे" म्हणाला तरी ही तीन वर्षं हिशेबात धरल्याशिवाय सही करू नका. जुन्या पद्धतीत कंपनीला किमान पर्यायी कर (सवलती घेतल्या तरी हिशेबातल्या नफ्यावर भरावा लागणारा कर) लागू शकतो, तोही त्या गणितात मांडा.

शोधावर भारतात पेटंट मिळालं आणि तुमचं नाव शोधक व पेटंटधारक म्हणून नोंदलेलं असेल, तर रॉयल्टीवर कलम ११५बीबीएफ खाली १० टक्के मूळ दरानं कर भरायचा पर्याय आहे. त्या उत्पन्नातून खर्च वजा होत नाही. विकासाचा किमान ७५ टक्के खर्च भारतात झालेला असावा लागतो.

पायरी ८ : वही

या सगळ्याचा पुरावा एकच असतो, प्रयोगवही. पानांना क्रमांक असलेली, बांधीव, शाईनं लिहिलेली. दर प्रयोगाला तारीख, प्रश्न काय होता, पाणी कुठून आणलं, कोणतं उपकरण वापरलं, निकाल काय आला आणि प्रयोग करणाऱ्याची सही. फसलेला प्रयोग फाडून टाकू नका, ज्ञानात भर घालायचा प्रयत्न त्याच पानावर दिसतो.

वहीच्या जोडीला तीन गोष्टी ठेवा. हिशेबात संशोधनाचं स्वतंत्र खातं, ज्यात उत्पादनाचा खर्च मिसळणार नाही. उपकरणांची नोंदवही, ज्यात यंत्र कोणत्या कामाला किती तास चाललं हे लिहिलेलं असेल. सकाळी संशोधन आणि दुपारी गिऱ्हाइकांचे नमुने असं एकच यंत्र चालवत असाल तर हीच नोंद तुम्हाला वाचवेल, आणि जमलं तर गिऱ्हाइकांसाठी वेगळं, साधं यंत्र घ्या. तिसरी गोष्ट म्हणजे संशोधकांची वेळपत्रकं, कारण प्रकल्पाची देखरेख आणि संशोधन दोन्ही करणाऱ्या माणसाचा सगळा पगार संशोधनात टाकता येत नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सीएला ताळेबंद दाखवायला नव्हे, तर प्रयोगशाळा दाखवायला बोलवा. उपकरणं, वही आणि खातं त्याच्यासमोर एकदा ताडून पाहा. काही चुकलं असेल तर ३१ मार्चपर्यंत दुरुस्त करायला तुमच्या हातात तीन आठवडे असतात.